जुन्या मोटर-यॉटच्या खिडक्यांच्या चौकटी

रंगाचा नवा हात दिला कीं जुनी चौकट सुधारली, असा पुष्कळांचा समज असतो. १९६० ते १९८० च्या सुमारास बांधलेल्या कित्येक मोटर-यॉटींच्या अल्युमिनियमच्या चौकटी मात्र स्टेनलेस पोलादी स्क्रूंनीं बसविलेल्या आहेत. या दोन धातूंमध्यें खारें पाणी शिरलें कीं तेथें विद्युत्-घटच तयार होतो. त्यांत अल्युमिनियम झिजतें व पोलाद शाबूत राहतें. स्क्रूभोंवतीं रंगास येणारे फुगे हें त्याचेंच लक्षण होय. वरून रंग दिल्यानें ही झीज थांबत नाहीं, आणि फटींतून झिरपणारें पाणी भिंतींतील लांकूड कुजवीत राहतें.

म्हणून चौकट उतरविणेंच इष्ट. अडकलेला स्क्रू तापवून सैल करावा आणि जुनें लुकण पातळ पात्यानें कापावें. जोरानें उचकटल्यास चौकट कायमची वांकते. प्रत्येक चौकटीस क्रमांक द्यावा. जुना रंग व पांढरी भुकटी घांसून काढल्यावर विलंब न लावतां इपॉक्सी प्रायमर द्यावा. कारण उघड्या अल्युमिनियमवर हवेनें ताबडतोब ऑक्साइडचा थर चढूं लागतो. त्यावर पॉलियुरेथेन रंग द्यावा. बसवितांना स्क्रूच्या भोंवतींहि लुकण भरावें, म्हणजे खारें पाणी दोन धातूंना पुन्हा जोडणार नाहीं. सिलिकोन मात्र टाळावें. त्याचा अंश राहिल्यास पुढें रंग धरत नाहीं. खिडकीची शोभा रंगांत असली, तरी नौकेचें आयुष्य त्या लुकणांत असतें.