पट्टा रंगवायचा की चिकटवायचा?

१९२०च्या दशकात अमेरिकेत दुरंगी गाड्यांची टूम निघाली आणि रंगाऱ्यांच्या डोक्याला ताप झाला. पहिला रंग वाळला की त्यावर कागद चिकटवायचा, उरलेल्या भागावर दुसरा रंग मारायचा आणि कागद ओढून काढायचा. कागदाबरोबर खालचा रंगही सोलून यायचा. मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात एका गॅरेजातल्या रंगाऱ्यानं अशा वेळी केलेला सगळ्यांचा उद्धार थ्रीएम कंपनीच्या रिचर्ड ड्रू या तरुणाच्या कानावर पडला. कंपनी तेव्हा पॉलिश पेपर विकायची आणि ड्रू त्याचे नमुने घेऊन तिथं गेला होता. १९२५मध्ये त्यानं रंगाला धक्का न लावता निघणारी पट्टी तयार केली, तीच मास्किंग टेप. पुढे याच कंपनीनं गाडीवर चिकटवायच्या व्हायनल फिल्मही बाजारात आणल्या. जुन्या अमेरिकन मसल कार नव्यानं उभ्या करणाऱ्यांमध्ये पट्टे रंगवावेत की चिकटवावेत यावरून हमरीतुमरी चालते. त्यातल्या दोन्ही बाजूंचं सामान असं एकाच घरातलं आहे.

मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या साध्या गाडीत भलंमोठं व्ही-८ इंजिन बसवून तरुणांच्या खिशाला झेपेल अशा किमतीत विकलेली गाडी. १९६४च्या पॉन्टिअॅक जीटीओपासून ही लाट सुरू झाली असं सर्वसाधारणपणे मानतात. पट्टे मात्र त्याआधीचे. १९५१मध्ये अमेरिकन शर्यतपटू ब्रिग्ज कनिंगहॅम फ्रान्समधल्या ल मान्सच्या शर्यतीत उतरला, तेव्हा त्याच्या पांढऱ्या गाड्यांवर निळे पट्टे होते. शर्यतीची ही ऐट शोरूममधल्या गाडीवर आणली की गाडी उभी असतानाही वेगवान वाटते, हे डेट्रॉइटच्या विक्रेत्यांनी चटकन ओळखलं.

रंग म्हणजे अस्सल आणि स्टिकर म्हणजे स्वस्तातली पळवाट, अशी आपली एक ठाम समजूत असते. या गाड्यांच्या बाबतीत ती टिकत नाही. शेव्हरोलेच्या कॅमॅरो झेड-२८ आणि १९७०च्या शेव्हेल एसएसवरचे रुंद पट्टे कारखान्यात रंगवलेले होते. पण फोर्डच्या १९६९ आणि १९७०च्या मस्टँग बॉस ३०२वरचे पट्टे व्हायनलचे. १९७१च्या प्लिमथ कुडावर इंजिनाचा आकार सांगणारे आकडे मागच्या चाकापर्यंत पसरलेले असत, तेही स्टिकरच. पॉन्टिअॅक ट्रान्स अॅमच्या बॉनेटवरचा पंख पसरलेला पक्षी १९७३मध्ये आला आणि १९७७च्या ‘स्मोकी अँड द बँडिट’ या चित्रपटानं घराघरात पोचला; तो कुणी कुंचल्यानं काढलेला नव्हता, स्क्रीन प्रिंटिंगनं छापून चिकटवलेला होता. अशा गाडीवर आज कुणी कितीही सफाईनं पक्षी रंगवला, तरी नक्कल ठरेल तो रंगच.

कारखान्यांचा हिशोब सरळ होता. पट्टा रंगवायचा तर गाडी रांगेतून बाजूला घ्या, झाका, रंगवा, पुन्हा वाळवा. स्टिकरला दोन कामगार आणि साबणाचं पाणी पुरतं. त्यातही शेव्हरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सकडे तेव्हा अॅक्रिलिक लॅकर वापरत. लॅकर वाळतो तो फक्त द्रावक उडून गेल्यामुळे, त्यात रासायनिक जोडणी होत नाही. म्हणून त्यावर दुसऱ्या लॅकरचा हात मारला की नव्या रंगातला द्रावक जुन्याचा वरचा थर किंचित विरघळवतो आणि दोन्ही एकजीव होतात. पट्टे रंगवायला असा रंग सोयीचाच. फोर्ड आणि प्लिमथ बनवणारी क्रायस्लर इनॅमल वापरत. इनॅमल भट्टीत तापला की त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि मग तो नव्या थराला सहजासहजी जवळ करत नाही. त्याला आधी घासून खरखरीत करावं लागतं.

जुन्या झेड-२८च्या पट्ट्याच्या कडेवरून नख फिरवलं तर बारीकशी पायरी लागते. ही पायरी नुसत्या थराच्या जाडीची नसते. टेपच्या कडेपाशी ओल्या रंगातला द्रावक लवकर उडतो, तिथला पृष्ठताण वाढतो आणि आजूबाजूचा रंग कडेकडे ओढला जातो. टेबलावर वाळलेल्या चहाच्या डागाला गडद कड येते, तसंच काहीसं. टेप काढताना रंग पुरता कडक झाला असेल तर हीच कड करवतीसारखी दातेरी तुटते. म्हणून रंग अजून थोडा नरम असताना टेप स्वतःवरच दुमडून, सावकाश ओढायची असते. साध्या कागदी टेपच्या सुरकुत्यांमधून रंग केशाकर्षणानं आत शिरतो. त्यावर जुन्या रंगाऱ्यांचा तोडगा नामी आहे: टेपच्या कडेवर आधी खालच्याच रंगाचा एक हात मारायचा. जे काही झिरपायचं ते त्याच रंगात झिरपतं आणि दिसत नाही.

आज पट्टा बेस कोटनं मारतात आणि वर दोन घटकांचा पारदर्शक क्लिअर कोट देतात. तो वाळल्यावर वॉटर पेपरनं घासून पॉलिश केला की पायरी नाहीशी होते, बोटालाही लागत नाही. काम देखणं दिसतं, पण १९६९च्या गाडीवर ते खटकतं, कारण त्या काळी या पट्ट्यांवर क्लिअर नव्हताच. जाता जाता एक इशारा: या क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांच्या फवाऱ्यानं कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून हे काम करणारे रंगारी आपल्याकडेही दिसतात, आणि रुमालाचा इथं काडीचाही उपयोग नाही.

आता स्टिकर. व्हायनल म्हणजे पीव्हीसी, आणि ते मुळात कडक असतं. १९२६मध्ये बी. एफ. गुडरिच कंपनीतल्या वॉल्डो सेमन यांना ते मऊ करण्याची युक्ती सापडली. त्यात मिसळलेल्या प्लास्टिसायझरचे रेणू पीव्हीसीच्या लांब साखळ्यांमध्ये शिरतात आणि साखळ्या एकमेकींवरून घसरू लागतात. पण हे रेणू साखळ्यांना जोडलेले नसतात, नुसते मध्ये बसलेले असतात. उन्हात तापलेल्या बॉनेटवर ते हळूहळू बाहेर पडतात, काही उडून जातात, काही खालच्या गोंदात उतरतात. उरतं ते पुन्हा मूळचं कडक पीव्हीसी. त्यात अतिनील किरण साखळ्यांमधून हायड्रोजन क्लोराइड सोडवत राहतात. म्हणून दारावरचा पट्टा शाबूत असतो आणि बॉनेटवरचा तडकलेला.

स्टिकर आक्रसण्याचं कारण आणखी मागे, तो तयार होण्यात दडलेलं असतं. स्वस्त फिल्म गरम रुळांमधून दाबून, ताणून काढतात. तिची जाडी साधारण ७५ ते १०० मायक्रॉन. ताणलेल्या साखळ्या संधी मिळाली की आखडतात आणि कडेला गोंदाची काळी रेघ उघडी पडते. उत्तम प्रतीची फिल्म द्रवरूपात ओतून भट्टीत पक्की करतात. ती जेमतेम ५० मायक्रॉनची असते आणि तिच्यात ताण जवळपास नसतो, त्यामुळे बॉनेटच्या उंचवट्यांवरही ती नीट बसते आणि बसलेली राहते. पातळ फिल्म जाड फिल्मपेक्षा जास्त टिकते, हे दुकानात पटवून द्यायला जड जातं.

गोंदाची गोष्टही गमतीची आहे. तो वाळत नाही. तो इतका मऊ असावा लागतो, की नुसत्या दाबानं रंगाच्या सूक्ष्म खाचखळग्यांत शिरेल, आणि इतका घट्टही, की ओढला तर वाहणार नाही. या मऊपणाची मर्यादा थ्रीएमच्याच कार्ल डाल्क्विस्ट यांनी आखून दिली. चिकट पट्ट्यांच्या धंद्यात आजही तोच निकष लावतात. ट्रान्स अॅमचा मोठा पक्षी बसवताना बॉनेटवर साबणाचं पाणी मारतात, कारण मध्ये पाणी असेपर्यंत गोंद पकड घेत नाही आणि स्टिकर सरकवून जागेवर आणता येतो. मग मधून कडेकडे पट्टी फिरवून पाणी बाहेर ढकलायचं. एखादा थेंब आत राहिला तर फुगा आलाच.

बॉस ३०२च्या पट्ट्यात तर रंगाच्या आवाक्याबाहेरची करामत होती. ती फिल्म परावर्ती होती. अशा फिल्ममध्ये काचेचे अतिसूक्ष्म मणी असतात. मण्यात शिरणारा किरण वाकून मागच्या बाजूला एकवटतो, तिथून परततो आणि बाहेर पडताना पुन्हा वाकून जवळपास आल्या वाटेनंच जातो. दुसऱ्या गाडीचे दिवे त्यावर पडले की तिच्या चालकाला त्यामुळे त्याच्याच दिव्याच्या प्रकाशात अख्खा पट्टा पेटलेला दिसतो. त्या जागी साधा रंग मारला तर गाडीचं रात्रीचं रूप गेलं म्हणून समजा.

काहीजण मधला मार्ग काढतात: स्टिकर लावून वर क्लिअर कोट. माझ्या मते यात दोन्हीकडचं वाईट तेवढं हाती लागतं. क्लिअरमधला द्रावक व्हायनलमध्ये मुरतो, तापल्यावर व्हायनल पोलादापेक्षा कितीतरी जास्त पसरतं, आणि कड एकदा उचलली गेली की नुसता स्टिकर बदलता येत नाही, सगळं पॅनेल रंगवावं लागतं. कारखान्यात रंगवलेला पट्टा रंगवावा, चिकटवलेला चिकटवावा; मूळ गाडीला पट्टाच नव्हता आणि आता हौस आली असेल, तर स्टिकर बरा, कारण तो उद्या काढता येतो.

आपल्याकडे मस्टँग विरळाच, पण जुन्या आरएक्स १०० मोटारसायकलची टाकी नव्यानं रंगवायला देणारे पुष्कळ आहेत. त्यांना एवढंच सांगणं, की हीट गन हातात घेण्याआधी जुन्या स्टिकरचा मापपट्टी लावून फोटो काढा, ट्रेसिंग पेपरवर त्याची बाह्यरेषा उतरवून घ्या, आणि टाकीच्या झाकणापासूनचं अंतर लिहून ठेवा. स्टिकर निघाल्यावर खाली न विटलेल्या रंगाची खूण दिसते खरी, पण पॉलिश पेपरचा पहिला हात फिरला की तीही जाते.