धडपडीचा विनोद आणि चार वर्षांचा प्रेक्षक

पडणे, आपटणे, डोक्यात तवा बसणे, धावता धावता भिंतीवर आदळणे अशा शारीरिक फजितीवर उभ्या राहणाऱ्या विनोदाला स्लॅपस्टिक म्हणतात. अ‍ॅनिमेशनने या विनोदाला असे शरीर दिले, की जे चपटे होते, ताणले जाते, जळून काळे पडते आणि पुढच्याच क्षणी पूर्ववत होते. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी १९४० मध्ये सुरू केलेले ‘टॉम अँड जेरी’चे लघुपट जेमतेम सात-आठ मिनिटांचे असत आणि चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी लहानथोर अशा सर्वांसमोर दाखवले जात, बालवाडीतली मुले डोळ्यांपुढे ठेवून ते रचलेले नव्हते. आज तोच विनोद दीड-दीड तासाच्या चित्रपटांत भरलेला असतो, आणि त्याच्यापुढे तीन-चार वर्षांचे मूल बसवताना काही पालक ‘कार्टूनच तर आहे’ म्हणून निर्धास्त राहतात, तर काही ‘नुसती मारामारी’ म्हणून सारेच मोडीत काढतात. दोन्ही निर्णय चित्रपट न तपासताच घेतलेले असतात.

२०१५ सालचा ‘मिनियन्स’ हा चित्रपट या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगा आहे. त्यात केव्हिन, स्टुअर्ट आणि बॉब हे तीन पिवळे जीव लंडनमधील एका यातनागृहात डांबले जातात. तिथे त्यांना अंग ताणण्याच्या यंत्रावर चढवले जाते, फाशीचे दोरही येतात, परंतु त्यांची अंगे रबरासारखी असल्यामुळे त्यांना काहीच होत नाही, उलट ते त्या साधनांशीच खेळू लागतात. ब्रिटनच्या चित्रपट वर्गीकरण मंडळाने या चित्रपटाला ‘यू’ म्हणजे साधारणपणे चार वर्षांपासून पुढच्या सर्वांना योग्य असा दर्जा दिला होता. याच प्रसंगाबद्दल मंडळाकडे तक्रारी आल्या, तेव्हा प्रसंग अवास्तव आणि विनोदी आहे, पात्रांना इजा होत नाही, असे उत्तर देण्यात आले. हे उत्तर भीतीपुरते पटण्यासारखे आहे, अनुकरणाच्या बाबतीत मात्र ते अपुरे पडते.

भीतीविषयी विस्कॉन्सिन विद्यापीठातील जोआन कँटर यांचे संशोधन फार उपयोगी आहे. शाळापूर्व वयाची मुले मुख्यतः जे दिसते त्याला घाबरतात, तर नऊ-दहा वर्षांची मुले पुढे काय घडू शकेल या विचाराने घाबरतात, असे त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासांतून दिसून आले. ‘द इन्क्रेडिबल हल्क’ या दूरचित्रवाणी मालिकेतला नायक हिरवा, अक्राळविक्राळ देह धारण करूनही इतरांना मदतच करतो, हे मोठ्या मुलांना कळत होते. लहान मुलांना मात्र त्या रूपांतराचीच धास्ती वाटे. हे ध्यानात घेतले तर ‘मिनियन्स’मधील हसऱ्या पात्रांचे यातनागृह चार वर्षांच्या मुलाला कदाचित फारसे भिववणार नाही, पण खलनायिका स्कार्लेट ओव्हरकिल निजवण्याच्या निमित्ताने तीन डुकरांची गोष्ट सांगता सांगता धमकीवर येते, ते दृश्य, एकही फटका न पडता, त्याची झोप उडवू शकते. म्हणून चित्रपटात किती फटके आहेत हे मोजत बसण्यापेक्षा चेहरे, आवाज आणि अचानक होणारे बदल पाहणे अधिक आवश्यक ठरते.

अनुकरणाची गोष्ट वेगळी आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही मुलांना एक मोठी फुगीर बाहुली प्रत्यक्ष बडवली जाताना दाखवली, काहींना ती चित्रफितीत, तर काहींना मांजराच्या वेषातील पात्राकडून कार्टूनसारख्या देखाव्यात; तिन्ही गटांतील मुलांनी पुढे तशाच कृती केल्या. बाहुली मुळातच बडवण्यासाठी बनवलेली होती, खेळातली मारझोड आणि दुखावण्याचा हेतू एक नव्हे, असे आक्षेप या प्रयोगावर घेतले गेले आणि ते रास्तच आहेत. तरीही कृती उचलली जाते एवढे त्यातून निश्चित दिसते. आभाळातून पडणारी ऐरण मुलाला घरात सापडत नाही. दोरी, ओढणी, विजेचे सॉकेट, प्लॅस्टिकची पिशवी आणि उंच खिडकी मात्र सापडते. गळ्यात दोर अडकूनही काही होत नाही, असे दाखवणारे दृश्य पाच वर्षांखालील मुलासाठी अयोग्य मानले पाहिजे, ते कितीही खेळकर असो. कारण इजा न होणे हेच इथे मोठ्यांना दिलासा देते आणि लहानग्याची दिशाभूल करते.

याउलट ‘मिनियन्स’च्याच वर्षी आलेल्या ‘शॉन द शीप मूव्ही’त डोक्यावरच्या आघाताला परिणाम आहे. मेंढ्यांच्या खोडीमुळे शेतकरी घरंगळत्या कॅराव्हॅनसह शहरात पोहोचतो, डोक्याला मार लागून त्याची स्मृती जाते, आणि शॉन हा मेंढा त्याला शोधून काढतो तेव्हा तो त्याला ओळखतच नाही. संवादाविना चालणाऱ्या या चित्रपटात धडपड भरपूर आहे, पण खोडी करणाऱ्यालाच तिची भरपाई करावी लागते. सांभाळणारा माणूस ओळख विसरतो हे दुःख मुलाला झोंबू शकते; अशा वेळी शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाचा आधार पुरतो. विनोद कोणावर आहे, हेही याच ओघात पाहायला हवे. धांदरटपणावर हसणे निर्मळ असते. ‘मोटू पतलू’सारख्या, मराठी घरांतही हिंदीतून पाहिल्या जाणाऱ्या मालिकेत हसू पात्राच्या जाडीवर रेलते, तेव्हा वर्गातल्या एखाद्या मुलाला त्याच नावाने हाक मारली जाण्याची वाट मोकळी होते.

गतीकडे सहसा कोणी पाहत नाही. अमेरिकेतील अँजेलिन लिलार्ड आणि जेनिफर पीटरसन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार वर्षांच्या ६० मुलांपैकी काहींना वेगवान, अद्भुत घटनांनी भरलेल्या कार्टूनची नऊ मिनिटे दाखवली. लगेच घेतलेल्या चाचण्यांत लक्ष टिकवणे आणि स्वतःला आवरणे त्या मुलांना चित्रे रंगवणाऱ्या मुलांपेक्षा अवघड गेले. हा परिणाम तात्कालिक मोजला गेला होता, त्यामुळे त्यावरून कायमच्या नुकसानीचा निष्कर्ष निघत नाही. परंतु झोपण्यापूर्वी किंवा अभ्यासाआधी असा चित्रपट लावू नये, एवढे त्यावरून ठरवता येते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही देखरेखीखाली, अशी मर्यादा सुचवली आहे. दीड तासाचा चित्रपट म्हणूनच दोन दिवसांत विभागून दाखवणे इष्ट.

भारतात २०२३ च्या कायदादुरुस्तीने ‘यूए’ म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाने पाहण्याच्या प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षे असे टप्पे पाडले, ही स्वागतार्ह सुधारणा आहे. तथापि ‘यू’ प्रमाणपत्राला खालची वयोमर्यादा नाही आणि बहुतेक धडपडपट त्याच गटात मोडतात. त्यामुळे बालवाडीच्या वयापुरता निर्णय पालकांवरच येतो. चित्रपटगृहात अंधार आणि मोठा आवाज असतो, दृश्य थांबवताही येत नाही. घरी मात्र पालकांनी चित्रपट आधी पाहून ठेवला असेल, तर ‘मिनियन्स’मधील यातनागृहाचा भाग कथेचा धागा न तुटता पुढे सरकवता येतो.