धरण झिरपतंय, मग मोजायचं काय?

मातीच्या जुन्या धरणावर काम करायचं ठरवलं की बहुतेक जण प्रश्न लिहितात : 'हे धरण सुरक्षित आहे का?' काळजी रास्त आहे, पण हा संशोधनाचा प्रश्न नाही. मोजायचं काय, हे त्यात कुठेच नाही.

आधी एक लक्षात घ्या, मातीचं धरण झिरपतंच. जिंतूर तालुक्यातलं येलदरी असो की एखाद्याच्या शेतातल्या खासगी तळ्याचा बांध. मोठ्या धरणांत आपल्याकडे गाभ्यात चिकण काळी माती आणि बाहेरून मुरूम घालतात. त्यांना साइटवर हार्टिंग आणि केसिंग म्हणतात. गाभा पाणी अडवतो म्हणजे त्याचा वेग मोडतो, इतकंच. त्यामुळे पायथ्याशी नितळ पाणी दिसलं म्हणून लगेच घाबरू नका. पाण्याबरोबर माती येऊ लागली की मात्र घाबरायचं. कण वाहून गेले की पोकळी होते, पोकळीत वेग वाढतो, आणखी कण सुटतात. असा बोगदा पायथ्याकडून तलावाकडे सरकत जातो. हेच पायपिंग. अमेरिकेतल्या टेटन धरणावर 5 जून 1976 ला सकाळी गढूळ गळती दिसली आणि दुपारी बाराच्या आत धरण फुटलं.

ते तर नवं होतं. परभणीकडच्या जुन्या बांधांचं दुखणं वेगळं. आपली काळी माती भिजली की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तळं महिनोन्‌महिने कोरडं राहिलं आणि पहिल्याच मोठ्या पावसात भरलं, तर पाणी थेट भेगांत शिरतं. त्यात बाभळीची कुजलेली मुळं, उंदराखेकड्यांची बिळं. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं तेव्हा मंत्र्यांनी खेकड्यांवर बोट ठेवलं, त्यावर भरपूर विनोद झाले. बिळं धोकादायक असतात, हे खरंच आहे. पण बिळं बुजवायची कोणी, हा प्रश्न खेकड्यांना विचारता येत नाही. गळतीच्या तक्रारी आधीच केल्या होत्या, असं गावकरी तेव्हा सांगत होते.

खासगी बांधाला हा प्रश्न जास्त लागू पडतो. 2021 च्या धरण सुरक्षा कायद्यात खासगी मालकही येतो, पण धरण 15 मीटरपेक्षा उंच हवं, किंवा 10 ते 15 मीटर असून लांबी, साठा वगैरे अटींपैकी एखादी पूर्ण करणारं. शेततळी, गावतळी त्याबाहेरच. लहान धरण म्हणजे लहान धोका, असंही नाही. जॉर्जियातलं केली बार्न्स हे एका कॉलेजच्या मालकीचं जुनं मातीचं धरण जेमतेम 12 मीटर उंच होतं. नोव्हेंबर 1977 मध्ये ते रात्री फुटलं आणि 39 माणसं गेली. पूर्व विदर्भातले मालगुजारी तलावही एकेकाळी खासगीच. मालगुजारी गेल्यावर ते सरकारकडे आले. अशा जुन्या बांधांचा नकाशा मिळेल, असं गृहीत धरू नका. पहिला महिना सर्वेक्षणातच जातो.

आता प्रश्न असा लिहा : 'पाण्याची पातळी तीच असताना गळती वर्षागणिक वाढते का, आणि तिच्यात माती असते का?' पायथ्याच्या चरात व्ही-नॉचची पत्र्याची पाटी, तलावात पातळी-पट्टी, एक काचेची बाटली. पावसाचे दिवस वगळा, नाहीतर उतारावरून आलेलं पाणीही गळतीत धराल. पातळी आणि गळतीचा आलेख काढा. दुसऱ्या वर्षीचे बिंदू पहिल्याच्या वर गेले तर काहीतरी बदललंय. एकदम खाली आले तरी खूश होऊ नका, पाण्याने दुसरीकडे वाट काढलेली असू शकते. बाटलीतलं पाणी रात्रभर ठेवून तळ बघा.

बांधाच्या मातीचा छोटा खडा पाण्यात टाकून भोवती ढग पसरतो का, तेही तपासा. पसरला तर ती माती सहज सुटणारी आहे. फक्त पाणी डिस्टिल्डच घ्या. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांमुळे वाईट मातीही चांगली दिसते.

मालकाची परवानगी लागेल, आणि नोटीस येईल या भीतीने तो टाळेल. त्याच्याशी आधीच ठरवून घ्या : गढूळ पाणी दिसलं तर प्रबंधाची वाट न बघता त्याच दिवशी त्याला आणि तहसीलला कळवायचं. खालच्या वस्तीला सावध करायचं आणि जाणकार अभियंत्याला बोलावून पाणी उतरवायचं. एरवी ते हळूहळूच उतरवायचं असतं, कारण पातळी झटकन खाली गेली तर आतला ओला उतार घसरतो.