डोंगरातला पाय आणि बाजारातला बूट

पावसाळा तोंडावर आला की जव्हार-मोखाड्यात बुटांची चौकशी सुरू होते. वनरक्षक, वायरमन, पाड्यापाड्यांवर फिरणाऱ्या आशाताई, शाळेचे गुरुजी, गुरं राखणारी माणसं आणि दाभोसा धबधबा बघायला मुंबई-नाशिकहून येणारी पोरं, सगळ्यांनाच टिकाऊ आणि न चावणारा बूट हवा असतो. सल्लेही ठरलेले असतात: जाड घ्या, वॉटरप्रूफ घ्या, आज थोडा घट्ट वाटला तरी पुढे सैल होईल. यातले बरेच सल्ले कोरड्या, थंड मुलखातून आलेले आहेत. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे, सूर्यमाळ त्याहून वर. पाऊस वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या पुढे, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. इथे बूट भिजणार हे धरूनच चालायचं. तो किती लवकर निथळतो आणि वाळतो, याला माझ्या मते सगळ्यात जास्त महत्त्व आहे.

‘वॉटरप्रूफ बूट घेतला की पाय कोरडा’

वॉटरप्रूफ बुटात आतून एक पातळ पडदा असतो. गोर-टेक्स हे त्यातलं प्रसिद्ध नाव. बाहेरचं पाणी आत येऊ द्यायचं नाही आणि घामाची वाफ मात्र बाहेर सोडायची, हे त्याचं काम. पण वाफ बाहेर जायची तर बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी हवी. हिमालयात ती तशी असते. जुलैतल्या मोखाड्यात बाहेरची हवाच ओलीचिंब असते, त्यामुळे वाफ आतच राहते आणि पाय घामाने भिजतो.

दुसरी अडचण याहून साधी आहे. पाड्यावर जाताना वाटेत ओढा लागतो, पाणी घोट्याच्या वर येतं आणि बुटात वरून शिरतं. जो पडदा पाण्याला आत येऊ देत नाही, तो बाहेरही जाऊ देत नाही. मग दिवसभर पायाशी डबकं घेऊन चालायचं, आणि तो बूट दुसऱ्या सकाळीही ओलाच. थंडीत दवाने भिजलेल्या गवतातून चालायला हाच बूट उत्तम. भर पावसात मात्र वरून जाळीचा, आत स्पंजचा जाड थर नसलेला बूट बरा. तो लगेच भिजतो, पण ओढा ओलांडून थोडं चाललं की पाणी निथळून जातं.

मोज्यांबद्दलही असाच समज आहे. सुती मोजा उन्हाळ्यात चांगला. पावसात तो पाणी धरून ठेवतो आणि ओल्या कातडीवर घासून फोड आणतो. लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा मोजा लवकर वाळतो. एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बरोबर ठेवावा. बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या अनेकजण मेंदी लावून सोसतात. त्या मुळात सतत ओल राहिल्याने आणि बुरशीने होतात. रोज संध्याकाळी पाय धुऊन बोटांच्या मधली जागा पुसून कोरडी करणं हाच त्यावरचा खरा उपाय. तेवढ्याने बऱ्या झाल्या नाहीत तर बुरशीवरचं मलम लागतं.

ओला बूट चुलीशेजारी ठेवला तर मात्र तो गेलाच म्हणून समजा. कातडं तडकतं आणि सोल चिकटवलेला गोंद उष्णतेने सुटतो. आतला सुखतळा काढून, जुनी वर्तमानपत्रं कोंबून, वारा लागेल अशा सावलीत तो वाळवावा. कागद भिजला की बदलायचा.

‘गमबूट घातला की साप, वीज, करंट, कशाचंच भय नाही’

गोठा, शेणखत, गटार, चिखलाची पाणंद, गुडघ्याखालचं गवत या सगळ्यासाठी गमबुटासारखी वस्तू नाही. पण आवणीला तो चालत नाही. चिखलणी केलेल्या खाचरात पाय रुतला की चिखल बूट धरून ठेवतो. पाय वर येतो आणि बूट खालीच राहतो. वाकून रोपं लावणाऱ्या बाईला हे शंभर वेळा कसं परवडावं? म्हणून ती अनवाणी उतरते, आणि तिचं बरोबरच आहे. ‘अडाणीपणाने गमबूट घालत नाहीत’ असं म्हणणाऱ्याने एकदा खाचरात उतरून बघावं.

तरीही अनवाणी पायाला धोका आहेच. उंदीर आणि गुरांच्या मुतातले लेप्टोचे जंतू साचलेल्या पाण्यातून जखमेवाटे किंवा भिजून मऊ पडलेल्या कातडीतून शरीरात शिरतात. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत या आजाराची साथच आली होती. त्यामुळे पायाला चिरा-जखम असेल तर ती पाणी न शिरणाऱ्या पट्टीने बंद करूनच खाचरात उतरावं. आवणीच्या दिवसांत ताप येऊन पोटऱ्या सडकून दुखू लागल्या तर अंगावर न काढता लगेच दवाखाना गाठावा.

आता साप. घोणस आणि फुरसं बहुतेक वेळा पायाला, घोट्याच्या आसपास चावतात. त्यामुळे पोटरीपर्यंतचा बूट खरोखर जीव वाचवू शकतो. पण कापणीत भाताचे भारे उचलताना किंवा सरपण काढताना हातच पुढे असतो, आणि मण्यार तर रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिथे बुटाचा काहीच उपयोग नाही. साप चावला की भगताकडे वेळ न घालवता मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय किंवा जव्हारचं पतंगशाह कुटीर रुग्णालय गाठायचं. बुटाने सर्पदंशाची शक्यता कमी होते, चावल्यानंतरचं औषध मात्र रुग्णालयातच आहे. आणखी एक सवय लावून घ्यावी: बाहेर ठेवलेला बूट पायात घालण्याआधी उलटा करून झटकायचा. कोकणपट्टीतला लाल विंचू अशाच अंधाऱ्या जागा शोधतो, आणि त्याचा दंश लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो.

विजेबद्दलचा समज सगळ्यात घातक. ढगातून जमिनीपर्यंत हवा फाडत येणाऱ्या विजेला तळाचं बोटभर रबर काय अडवणार? कडकडाट सुरू झाला की शेत आणि झाडाचा आडोसा, दोन्ही सोडून पक्क्या घरात जायचं. तारेच्या करंटलाही साधा गमबूट भरवशाचा नाही. वीजकामासाठी विद्युतरोधक म्हणून तपासलेले बूट वेगळे असतात आणि तसा शिक्का त्यांच्यावर असतो.

‘नवा बूट चावतोच, मग सैल होतो’

लांबीला कमी पडलेला बूट कधीच सैल होत नाही. कातडं रुंदीला थोडं ताणतं, प्लास्टिक आणि रेक्झिन तेवढंही नाही. अनवाणी वाढलेल्या पायाचा पंजा पसरट असतो, बोटं मोकळी असतात. असा पाय निमुळत्या बुटात कोंबला की करंगळीवर कुरूप आणि अंगठ्याच्या नखाखाली रक्त ठरलेलं. आपल्याकडे बुटांचे नंबर आजवर ब्रिटिश आणि युरोपीय मापांचे चालत आले. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने 2021-22 मध्ये देशभरात एक लाखाहून जास्त लोकांच्या पायांची मापं घेतली. भारतीय पाय सरासरीने जास्त रुंद असल्याचं त्यात दिसलं आणि त्यावरून ‘भा’ नावाची नवी मापपद्धती सुचवली गेली.

ही मापं दुकानांत रुळेपर्यंत एवढं करावं. बूट संध्याकाळी घ्यावा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. जो मोजा वापरणार तोच घालून, दोन्ही पायांत बूट चढवून उभं राहावं, आणि मोठ्या पायाचं माप धरावं. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे. तोरंगण घाटासारखा उतार उतरताना पाय पुढे सरकतो, तेव्हा ही जागा नखं वाचवते. टाच मात्र आत घट्ट बसायला हवी.

मधुमेह किंवा कुष्ठरोगामुळे पायाची संवेदना गेलेल्या माणसाने ‘चावत नाही म्हणजे बसला’ असं समजू नये. त्याला चावलेलं कळतच नाही. आत मऊ, तळाला टणक अशी एमसीआर चप्पल कुष्ठरुग्णांना सरकारी कार्यक्रमातून मिळते. आशाताईंकडे तिची चौकशी करावी.

‘जितका जाड आणि जड, तितका मजबूत’

पायावरचं वजन पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा चार-पाच पट दमवतं. सोलच्या जाडीपेक्षा रबराचा मऊपणा महत्त्वाचा. सोलमध्ये नख रुतवून बघा: किंचित दबलं तर ते ओल्या कातळावर पकड घेईल, काचेसारखं टणक लागलं तर घसरेल. खोल खाचा चिखलात आणि मुरमाच्या उतारावर उपयोगी पडतात. शेवाळलेल्या दगडावर मात्र कुठलाच सोल भरवशाचा नाही, दुकानदार काहीही सांगो. बूट हातात धरून वाकवून बघावा. तो बोटांच्या मुळाशी वाकायला हवा. मध्येच दुमडला तर तो पायाला आधार देणार नाही.

दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे बांधकामावर जाणाऱ्यांना सेफ्टी शूज हवेतच, आणि सुरक्षेची साधनं पुरवणं मालकाचं काम आहे. आयएस 15298 हा क्रमांक आणि आयएसआयचा शिक्का असलेल्या सेफ्टी बुटाची पुढची टोपी 200 जूलचा आघात सोसते. खिळ्यापासून तळवा वाचवणारी पट्टी सगळ्यांत नसते, ती ‘एस 3’ प्रकारात असते. सळया-फळ्यांच्या साइटवर तोच प्रकार मागावा. डोंगर चढायला मात्र हा बूट नको. उतारावर बोटं त्या टोपीवर आपटत राहतात.

‘न वापरलेला बूट नवाच राहतो’

अनेक ट्रेकिंगच्या आणि सेफ्टी बुटांचा हलका सोल पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या ओलाव्याने तो आतून हळूहळू विरतो. पेटीत जपून ठेवलेला जोड तीन-चार वर्षांनी काढला, की वरून चकचकीत, पण पहिल्याच चालीत सोलचा भुगा होतो. अस्सल रबराच्या सोलचं असं होत नाही. रोज वापरलेला पॉलियुरेथेनचा सोलही बऱ्याचदा पडून राहिलेल्यापेक्षा जास्त टिकतो. म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या मालाच्या डब्यावर किंवा बुटाच्या जिभेआड छापलेला उत्पादनाचा महिना-वर्ष बघावं, सोल दाबून आणि वाकवून बघावा. बारीक भेगा दिसल्या तर तो जोड निम्म्या किमतीतही घेऊ नये.