आजी किती तास झोपली, एवढंच बघू नका

स्मार्टवॉचने '७ तास झोप' दाखवली की आपण खूश! पण घरातल्या वयस्कर माणसांसाठी तेवढा आकडा पुरत नाही.

२०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या टीमचा एक अभ्यास आला. सरासरी ८२ वर्षांच्या २९८ स्त्रियांची झोप रात्रभर तपासली, काही वर्षांनी स्मरणशक्तीही. झोपेत श्वास अडकणाऱ्यांपैकी ४४.८ टक्के जणींना स्मृतिभ्रंश किंवा त्याआधीची सौम्य अवस्था आढळली, बाकीच्यांत ३१.१ टक्के. संबंध दिसला तो ऑक्सिजन कमी पडण्याशी, झोपेच्या तासांशी नाही.

हा स्लीप अ‍ॅप्निया. घड्याळ फार तर इशारा देईल. निदान स्लीप टेस्टनेच होतं. आजी घोरता घोरता गप्प होते, मग दचकून श्वास घेते? 'गाढ झोपलीय' म्हणून सोडू नका, डॉक्टरांना सांगा.