सोसायटीच्या दफ्तरासाठी संगणकाची निवड

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पुष्कळ विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्थांच्या पंचांपुढे सांप्रत एक निराळाच प्रश्न येतो: दफ्तरासाठी संगणक कोणता घ्यावा? बैलजोडी घ्यावयाची तर दात, खूर व चाल पाहण्यास आपणांस कोणी शिकवावे लागत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र दुकानदार सांगेल ते आपण ऐकतो, आणि त्याच्याजवळ जे पडून असते तेच तो बहुधा उत्तम म्हणून सांगतो. प्रस्तुत लेखकाचा काळ महसुली दफ्तरात, बस्ते बांधण्यापासून संगणकावर सातबारा निघेपर्यंत, गेला. त्या अनुभवावरून हे चार शब्द.

प्रथम, खरेदीची गरज आहे काय हे पाहावे. केंद्र सरकारने २९ जून २०२२ रोजी देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तीत निवडलेल्या संस्थेस यंत्रसामग्री व सर्वांसाठी एकच सॉफ्टवेअर मिळावयाचे ठरले. सबब आपल्या संस्थेचे नाव यादीत आहे किंवा कसे, हे तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे विचारल्यावाचून संस्थेचा पैसा बाहेर काढू नये. प्रश्न येतो तो दुसऱ्या यंत्राचा. फेब्रुवारी २०२३ मध्ये झालेल्या करारानुसार अशा संस्थांना सामान्य सेवा केंद्र चालविण्याची वाट मोकळी झाली. गटसचिव कर्जखाती भरीत असता त्याच यंत्रावर पीकविम्याचे अर्ज भरण्यास रांग लागली, तर दोन्ही कामे खोळंबतात.

खोळंब्याची किंमत सभासदास भरावी लागते. मुदतीत परत केलेल्या पीककर्जावर केंद्राची ३ टक्के व्याजसवलत मिळते. म्हणजे एक लाखावर वर्षाचे तीन हजार रुपये. वसुलीच्या ऐन गर्दीत यंत्र बंद पडून भरणा वेळेवर नोंदला गेला नाही, तर त्या तीन हजारांसाठी सभासदाने कोणाकोणाचे उंबरठे झिजवावयाचे?

यंत्राच्या आतील गोष्टींत फार शिरण्याचे कारण नाही. कर्जखाती, पत्रव्यवहार व अर्ज यांस साधा प्रोसेसर पुरतो. ८ जीबी रॅम असावी, आणि साठवणीस फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क न घेता एसएसडी घ्यावी. हिच्यात हलणारा भाग नसल्याने ती लवकर चालू होते व धक्का सोसते. स्वस्त म्हणून जुना, दुरुस्त केलेला संगणक घेणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. विंडोज १० ची नियमित मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे प्रोसेसर तीस सर्वसाधारणपणे चालत नाहीत. जुने यंत्र दिसावयास ठीक असले तरी ज्या दफ्तरात सभासदांचे आधार व खाते क्रमांक आहेत, तेथे ते नको.

खरा शत्रू वीज व धूळ. आपल्याकडे वैशाखात पारा ४० अंशांवर चढतो, सोसायटीच्या खोलीवर पत्रे असतात, आणि काळ्या रानाची धूळ दारातून आत येते. दुकानदार प्रोसेसरविषयी तासभर बोलेल, पण अर्थिंगचे नावही काढणार नाही. ते वायरमनकडून आधी तपासून घ्यावे. यूपीएसवर ६०० व्हीए लिहिलेले असले तरी प्रत्यक्ष शक्ती बहुधा ३६० वॅटच्या आसपास असते. एका संगणकास व पडद्यास ती पुरेशी आहे. परंतु लेसर प्रिंटर तिच्यावर कदापि जोडू नये. कागदावर शाई पक्की करण्यास त्याला एकदम पुष्कळ वीज लागते व यूपीएस तत्काळ बसते. यूपीएस काम जतन करून यंत्र नीट बंद करण्यापुरती. तिच्यावर दिवसभर काम रेटावयाचे नसते. बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते, तो खर्च आधीच अंदाजपत्रकात धरावा.

एका कचेरीत मी पाहिले आहे: सर्व नोंदी एकाच यंत्रात, प्रत कोठेच नाही, आणि पावसाळ्यात विजेचा झटका बसून तबकडी गेली. तीन कारकून दोन महिने जुन्या कागदांवरून त्याच नोंदी पुन्हा भरीत होते. म्हणून एक बाहेरची डिस्क यंत्रासोबतच घ्यावी आणि दर शनिवारी प्रत काढून ती दुसऱ्या जागी, कुलपात ठेवावी.

मराठीचा मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. जुन्या फॉन्टांत केलेली पत्रे दुसऱ्या यंत्रावर उघडली की अक्षरांचा नुसता कचरा दिसतो.

दरपत्रके तीन घ्यावीत व ती एकाच तपशिलावर मागवावीत, नाहीतर तुलना करणेच व्यर्थ. जीएसटी धरून किंमत मागावी. हमी तीन वर्षांची असावी, आणि कारागीर गावी येईल की यंत्र शहरात न्यावे लागेल, हे लेखी घ्यावे. कन्नड किंवा सोयगावच्या बाजूच्या संस्थेस यंत्र पोत्यात घालून एसटीने न्यावयाचे म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको.

माल आल्यावर खोके पंचांसमक्ष उघडावे, अनुक्रमांक बिलाशी ताडून जडसंग्रह वहीत चढवावा, एक मराठी खातेउतारा छापून पाहावा. मग मुख्य बटण बंद करावे आणि पडदा उजळ राहतो की काळा होतो हे पाहूनच पोचपावतीवर सही करावी.