गोव्याच्या किनाऱ्यावर चांगला पिझ्झा कसा शोधावा

गोव्यात चांगला पिझ्झा सहसा वाळूवर मिळत नाही. तो किनाऱ्याच्या मागे, माडांच्या बागेत किंवा एखाद्या जुन्या कौलारू घराच्या अंगणात मिळतो. याला साधे कारण आहे. समुद्राला लागून उभे राहणारे शॅक हे हंगामी बांधकाम असते. बांबू, लाकूड आणि झावळ्यांचा हा मांडव पावसाळ्यानंतर उभा राहतो आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की नियमानुसार काढून टाकावा लागतो. पिझ्झ्याची विटांची घुमटाकार भट्टी वजनाने जड असते, तिला पक्का पाया लागतो आणि दरवर्षी ती मोडून पुन्हा बांधणे कोणाला परवडत नाही. त्यामुळे शॅकमध्ये बहुधा गॅसवरचा किंवा विजेवरचा छोटा ओव्हन असतो आणि मेन्यूवर मासळी, चायनीज, पंजाबी भाज्यांच्या जोडीला पिझ्झ्याच्याही काही ओळी असतात. तळलेल्या मासळीसाठी शॅकसारखी जागा नाही. पिझ्झ्यासाठी मात्र पायवाटेने पाच-दहा मिनिटे आत चालायची तयारी ठेवावी.

भट्टी आणि पाव गोव्याला नवीन नाहीत. पोर्तुगिजांच्या काळात यीस्ट सहज मिळत नव्हते, तेव्हा माडाची सूर, म्हणजे माडी, घालून पीठ आंबवण्याची पद्धत इथे रुजली. सासष्टीतले माजोर्डा हे गाव पोदेरांचे, म्हणजे पाव भाजणाऱ्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. पोई, उंडो, काकणां हे पाव आजही गावोगाव सायकलवरून विकले जातात. पोदेराच्या पारंपरिक भट्टीत आधी आत लाकूड जाळतात, भट्टी तापली की निखारे काढतात आणि साठलेल्या उष्णतेवर पाव भाजतात. पिझ्झ्याच्या भट्टीत जाळ एका बाजूला सतत पेटता राहतो आणि ज्वाळा घुमटाला लागून वळते. म्हणून पोदेराच्या भट्टीत पिझ्झा घातला तर तो भाजला जाईल, पण नेपल्सच्या पद्धतीचा होणार नाही.

पिझ्झा इथे आला तो 1960च्या दशकाच्या अखेरीस हणजूण-कळंगुटच्या किनाऱ्यावर येऊ लागलेल्या हिप्पींच्या मागोमाग. पुढे दर हिवाळ्याला येणारे आणि मग इथेच राहू लागलेले युरोपीय वाढले. त्यांत इटालियनही होते. आपल्या जेवणासाठी त्यांनी भट्ट्या बांधल्या, शेजाऱ्यांना खाऊ घातले आणि त्यातून खानावळी उभ्या राहिल्या. डॉमिनोज आणि पिझ्झा हट या साखळ्या भारतात आल्या 1996 साली. म्हणजे मुंबई-पुण्याच्या बहुतेक मराठी घरांना जाड, मऊ, चीजने भरलेला अमेरिकी धाटणीचा पिझ्झा माहीत होण्याआधीपासून गोव्याच्या काही गावांत पातळ, इटालियन वळणाचा पिझ्झा भाजला जात होता. साखळीच्या पिझ्झ्याची सवय असलेल्याला तो पहिल्यांदा ‘करपलेला’ आणि ‘कमी चीजचा’ वाटतो. तो तसा का असतो, हे कळले की चांगल्या-वाईटाचा निवाडा करता येतो.

नेपल्सच्या पिझ्झ्याचे नियम लेखी आहेत. ते जपण्यासाठी 1984 साली तिथे एक संघटना स्थापन झाली, 2010 साली युरोपीय संघाने या पिझ्झ्याला ‘पारंपरिक खासियत’ म्हणून संरक्षण दिले आणि 2017 साली युनेस्कोने नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेचा मानवजातीच्या अमूर्त वारशात समावेश केला. गोळ्यात पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट एवढेच घटक. तेल, साखर किंवा दूध नाही. गोळा हाताच्या बोटांनी मधून कडेकडे दाबत पसरवायचा, म्हणजे आतली हवा काठात सरकते आणि काठ फुगतो. लाटणे चालत नाही. पिझ्झा 35 सेंटिमीटरपेक्षा मोठा नसावा. तो 430 ते 485 अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या, लाकूड जाळणाऱ्या भट्टीत 60 ते 90 सेकंदांत भाजून निघाला पाहिजे.

आच आणि वेळेचे हे शेवटचे आकडे सगळ्यात महत्त्वाचे आहेत. एवढ्या प्रखर आचेत पिठातले पाणी वाफ होऊन काठ एकदम फुलवते, वरचा पापुद्रा भाजतो आणि आतला भाग ओलसर, लवचीक राहतो. काठावर आणि तळावर काळे ठिपके उठतात. ते करपणे नव्हे, ती आचेची खूण आहे. अडीचशे-तीनशे अंशांच्या साध्या ओव्हनमध्ये तोच पिझ्झा आठ-दहा मिनिटे ठेवावा लागतो. तेवढ्या वेळात पिठातले पाणी उडते आणि काठ टोस्टसारखा कडक होतो. रोमची पद्धत वेगळी आहे. तिथे पीठ जास्त पातळ पसरतात, अनेकदा लाटतात आणि पिझ्झा मुद्दाम कुरकुरीत करतात. गोव्यात दोन्ही प्रकार मिळतात. म्हणून लाटणे दिसले की लगेच उठून जाण्याचे कारण नाही; पातळ पापुद्रा मधोमधही कुरकुरीत आहे का, एवढे पाहावे.

किनाऱ्यावरच्या स्वयंपाकघरात खरी कसोटी लागते ती पिठाची. हवा दमट असते, त्यामुळे मैदा आधीच ओल धरून बसतो आणि ठरलेल्या मापाने पाणी घातले तर गोळा चिकट होतो. तिशीच्या वर तापमान गेले की यीस्ट भराभर काम करते. ओट्यावर ठेवलेले पीठ काही तासांत आंबट होऊन बसते. जाणकार आचारी यीस्ट अगदी कमी घालतात आणि पीठ फ्रिजमध्ये रात्रभर किंवा त्याहूनही जास्त वेळ सावकाश आंबवतात. अशा पिठाला गव्हाची गोडसर चव येते, अनेकांना ते पचायला हलके वाटते आणि भट्टीत ते नीट फुलते. सकाळी मळून दुपारी वापरलेल्या पिठाचा पिझ्झा पोटात जड वाटू शकतो. म्हणून ‘पीठ कधी मळता?’ हा प्रश्न विचारायला संकोचू नये. ज्याला आपल्या पिठाचा अभिमान आहे तो आचारी मन लावून उत्तर देतो. कित्येकदा झाकण उघडून गोळेही दाखवतो. पीठ बाहेरून तयार येत असेल तर उत्तर गुळमुळीत मिळते.

टोमॅटोच्या बाबतीत आपल्या बाजारातला टोमॅटो कमी पडतो. लांबच्या वाहतुकीत टिकावा म्हणून निवडलेल्या वाणांची साल जाड असते आणि चव पाणचट. इटालियन वळणाच्या खानावळी म्हणूनच सोललेल्या इटालियन टोमॅटोचे डबे वापरतात, टोमॅटो हाताने कुस्करतात, मीठ घालतात आणि न शिजवता पसरतात. तो भट्टीतच शिजतो. लाल तिखट, साखर आणि कांदा घालून आटवलेला सॉस आला तर समजावे की स्वयंपाकघराला टोमॅटोवर भरवसा नाही. चीजचे प्रकरण अधिक नाजूक आहे. ताजे मोझरेला पाण्यात ठेवलेले असते. ते निथळून न घेता वापरले तर पिझ्झ्याच्या मधोमध तळे होते. कमी ओलाव्याचे मोझरेला चांगले वितळते आणि भारतात ते सहज मिळते. स्वस्तात काम भागवणारे ठिकाण मात्र वनस्पती तेलापासून केलेला चीजसारखा पदार्थ वापरते. नुसत्या डोळ्यांनी हा फरक ओळखणे अवघड असते, म्हणून कोणते चीज वापरता ते सरळ विचारावे.

शाकाहारी वाचकांनी आणखी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. इटलीचे अस्सल पार्मेजान चीज वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने साकळवतात, त्यामुळे नुसत्या भाजीच्या पिझ्झ्यावर ते किसून घातले तरी तो काटेकोर अर्थाने शाकाहारी राहत नाही. भारतात तयार होणाऱ्या बहुतेक चीजमध्ये सूक्ष्मजीवांपासून मिळवलेले रेनेट असते. दुसरे म्हणजे गोव्यातल्या बहुतेक भट्ट्यांमध्ये चोरिसचा (गोव्याच्या डुकराच्या मांसाच्या सॉसेजचा), मासळीचा आणि भाजीचा पिझ्झा एकाच लादीवर भाजला जातो. ज्यांना हे चालत नाही त्यांनी ऑर्डर देण्याआधी स्पष्ट सांगावे. कोणी वाईट वाटून घेत नाही.

ठिकाणांचे म्हणाल तर उत्तरेला हरमल, मांद्रे, हणजूण, वागातोर आणि आसगाव, दक्षिणेला पाळोळे आणि पाटणे या पट्ट्यांत शोध सुरू करावा. याचे कारण तिथे दीर्घकाळ मुक्काम करणारे परदेशी राहतात आणि रोजचे गिऱ्हाईक फसवून चालत नाही. एका रात्रीच्या पर्यटकावर चालणारी खानावळ पाटीवर आणि दिव्यांवर खर्च करते; महिनाभर राहणाऱ्यावर चालणारी पिठावर करते. हरमलचे फेलिनी आणि पाळोळ्याच्या रस्त्यावरचे मॅजिक इटली ही नावे प्रवाशांच्या तोंडी वर्षानुवर्षे आहेत. हणजूण-हडफडे भागातले बाबा ऑ रूम हे मुळात फ्रेंच बेकरी-कॅफे, पण पातळ पिझ्झ्यासाठीही लोक तिथे जातात. उलट कळंगुट-बागाच्या गजबजलेल्या रस्त्यावर, जिथे प्रत्येक दारात माणूस उभा राहून आत बोलावतो, तिथे पिझ्झा नशिबावर सोडावा लागतो.

मेन्यूची लांबीही बोलकी असते. दहा-बारा पिझ्झे, थोडा पास्ता, दोन सॅलड, एवढाच कागद असेल तर जिन्नस रोज संपतात आणि ताजे येतात. पहिल्यांदा जाताना मार्गारिटा मागवावा. टोमॅटो, मोझरेला, तुळशीच्या कुळातले बेसिल आणि ऑलिव्ह तेल एवढेच त्यावर असल्याने कोणताही दोष झाकला जात नाही. त्याहून कठोर परीक्षा मारिनाराची: टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो आणि तेल, चीज अजिबात नाही. पिझ्झा आला की एक तुकडा काट्याने उचलून तळ पाहावा. तळावर तपकिरी-काळे ठिपके विखुरलेले असले तर लादी पुरेशी तापलेली होती. तळ पांढरा, पिठूळ असेल तर नव्हती. मग काठ मोडावा. आत लहानमोठी भोके असलेले जाळीदार पोट दिसले तर पीठ नीट आंबले आहे. घट्ट आणि पांढरे दिसले तर नाही.

पहिली परीक्षा पास झाली की स्थानिक जिन्नसांकडे वळावे, कारण गोव्याचा पिझ्झा तिथे आपला होतो. चोरिसच्या लाल, आंबट-तिखट तुकड्यांची चरबी भट्टीत वितळून टोमॅटोत मिसळते आणि सुक्या मिरचीची चव काठापर्यंत पोचते. त्यावर पातळ चिरलेला कांदा पुरतो; चीज कमी असावे. कोळंबीच्या पिझ्झ्याला वेळेचे भान लागते. ती कच्ची असताना शेवटच्या क्षणी पसरली तरच रसरशीत राहते, आधी शिजवून घातली तर चिवट होते.

वेळ निवडणे हाही शोधाचाच भाग आहे. लाकडाच्या भट्ट्या बऱ्याच ठिकाणी फक्त संध्याकाळी पेटवतात आणि त्या पूर्ण तापायला बराच वेळ जातो. दुपारी साडेबाराला मिळणारा पिझ्झा वेगळ्याच ओव्हनमधला असू शकतो. रात्री साडेसातच्या सुमाराला भट्टी भरात असते. शनिवारी रात्री लागोपाठ ऑर्डरी पडल्या की लादी थंड होत जाते आणि तळ कच्चा राहू लागतो. पार्सल शक्यतो घेऊ नये. बंद खोक्यात वाफ कोंडते आणि दहा मिनिटांत काठ लिबलिबीत होतो.

मोबाइलवरची तारांकने वाचताना तारीख आधी पाहावी. गोव्यात आचारी, भाडेकरार आणि मालकही हंगामागणिक बदलतात, त्यामुळे तीन वर्षांपूर्वीचे कौतुक आजच्या भट्टीला लागू पडतेच असे नाही. चालू हंगामातली मते आणि ग्राहकांनी काढलेले काठाचे, तळाचे फोटो हेच उपयोगाचे. जून ते सप्टेंबर या काळात किनाऱ्यालगतची बरीच ठिकाणे बंद असतात आणि काही ऑक्टोबर उलटला तरी उघडत नाहीत. म्हणून निघण्याआधी फोन करून दोनच गोष्टी विचाराव्यात: उघडे आहे का, आणि भट्टी किती वाजता पेटवता.